काटा आणि चीक

मराठी माणसाने काट्यावर जितके वाक्प्रचार केले, तितके गुलाबावर केलेले नाहीत. आपण काट्याने काटा काढतो, एखाद्याच्या वाटेत काटे पसरतो, भीतीने अंगावर काटा आला म्हणतो, आणि बारीकशा गोष्टीकडे काणाडोळा केला की काट्याचा नायटा झाला म्हणून हळहळतो. ज्या मुलुखातल्या पायवाटा बाभळी-बोरींमधून जातात, त्या मुलुखाच्या भाषेत हे व्हायचेच. या दिवाळीला सदरासाठी मी काट्याचाच विषय घेतला आहे. फक्त हा काटा पायातला नाही. सायकलच्या चाकातला आहे.

‘दिवाळीच्या फराळाबरोबर काटा कशाला?’ असे कुणी विचारील. उत्तर सोपे आहे. काट्यांचा हंगाम आणि दिवाळीचा हंगाम एकच. पावसाळ्यात रानात जे हिरवे आणि लवचीक असते, ते आश्विन-कार्तिकात वाळून टणक होते. नेमक्या त्याच दिवसांत शाळा-कॉलेजांना सुट्टी लागते, सकाळच्या हवेत गारवा येतो, पाडव्याच्या मुहूर्तावर घरात नवी सायकल आलेली असते, आणि ती घेऊन मुले टेकडीकडे धाव घेतात. संध्याकाळी ती परत येतात ती कधी सायकलवर बसून, तर कधी सायकल हाताने ढकलीत. या दोहोंतला फरक बहुतेक वेळा एका काट्याएवढाच असतो.

हल्ली जाड, खाचखळग्यांच्या टायरांची जी सायकल घरोघर दिसते, आणि जिला मुले ‘एमटीबी’ म्हणतात, ती जन्माने कॅलिफोर्नियाची. सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला मरिन नावाचा डोंगराळ परगणा आहे. तिथे काही तरुण मंडळी जुन्या, जड, रुंद टायरांच्या सायकली डोंगरावर चढवीत आणि मातीच्या उतारावरून बेफाम खाली सोडीत. १९७६ च्या ऑक्टोबरात त्यांनी तिथे उताराची पहिली शर्यत लावली. पुढच्या पाच-सहा वर्षांत खास डोंगरासाठी बांधलेल्या सायकली दुकानांत आल्या, आणि यथावकाश त्या आमच्या वेताळ टेकडीवरही आल्या. या सायकलींच्या जरा वरच्या किमतीच्या नगांत आता ट्यूबच नसते. टायर असते, रिम असते, मध्ये हवा असते, आणि हवेबरोबर पेलाभर पांढरे दूध असते. या दुधाची हकीकत सांगण्यासाठीच आजचा लेख आहे. पण त्याआधी ज्याच्यासाठी हे दूध, त्या शत्रूची ओळख करून घेऊ.

आपल्याकडे मान पहिला सराट्याचा. जमिनीला चिकटून पसरणारी ही वनस्पती. पाच पाकळ्यांचे पिवळे फूल, दिसायला गरीब. फळ वाळले की त्याचे पाच तुकडे होतात. प्रत्येक तुकड्याला दोन मोठे आणि दोन लहान काटे असतात, आणि त्यांची ठेवण अशी की तुकडा कसाही पडो, एक तरी टोक आभाळाकडे. वैद्यमंडळी यालाच गोखरू म्हणतात. दशमुळांपैकी ते एक, आणि बाळंतिणीच्या डिंकाच्या लाडवांत त्याची पूड पडते ती आजही. पूर्वी हत्तींच्या वाटेवर पसरायच्या लोखंडी काट्यांनाही गोखरूच म्हणत. म्हणजे जी वस्तू हत्तीला थोपवू शकते, ती सायकलची भीड कशाला धरील?

हा सराटा परदेशातही जाऊन बसला आहे. अमेरिकेच्या पश्चिमेकडील कोरड्या राज्यांत त्याला दोन नावे आहेत. एक ‘बोकडाचे डोके’, कारण दोन मोठे काटे शिंगांसारखे दिसतात. आणि दुसरे चक्क ‘पंक्चरवेल’. तिथे तो इतका माजला की १९६१ साली त्याच्यावर सोडण्यासाठी इटलीहून दोन जातींचे सोंडकिडे आणण्यात आले. एक जात बी खाणारी, दुसरी खोड पोखरणारी. या दोन्ही जाती मूळच्या आपल्या भारतातही सापडणाऱ्या, हे विशेष. काट्याने काटा काढायची ही रीत तिथे काही भागांत बरीच लागू पडली. पण सराटा संपला नाही. आयडाहो राज्यातल्या बॉयझी शहरात सायकलवाले लोक उन्हाळ्यात रस्त्याकडेचे सराटे मुळासकट उपटून पोती भरतात, आणि २०१८ पासून त्या निमित्ताने सायकलींचा एक उत्सवच भरवतात. आपल्याकडे सराटा फुकट उगवतो, पण त्याचा उत्सव करण्याची कल्पना अजून कुणाला सुचलेली नाही.

दुसरा मान बाभळीचा. तिचे काटे जोडीने येतात; पांढरे, सरळ आणि बोटाएवढे लांब. शेताच्या कुंपणाला बाभळीच्या फांद्या लावतात. गुरे येता-जाता त्या ओढतात, वारा त्या वाटेवर आणून टाकतो, आणि सायकलवाल्याला ते कळते ते फक्त आवाजाने. तिची सावत्र बहीण वेडी बाभूळ. ही अमेरिका खंडातून एकोणिसाव्या शतकात इकडे आणलेली. तिचे काटे आखूड पण दणकट. आणि बोरीबद्दल काय बोलावे? तिच्या जोडीतला एक काटा सरळ नि दुसरा वाकडा. एक टोचणार, दुसरा अडकून राहणार.

कामाच्या सोयीसाठी या सर्वांचे दोन वर्ग करावेत. सराट्याचा काटा आखूड. तो एकटा येत नाही, दहा-वीसांनी येतो. बाभळीचा काटा लांब. तो एकटाच येतो आणि खोल जातो. पुढे उपाय सांगताना हा भेद लक्षात ठेवावा लागेल.

आता चाकाकडे वळू. हवेचे टायर पहिल्यांदा १८४५ साली रॉबर्ट थॉमसन या स्कॉटिश गृहस्थाने नोंदवले. पण त्या वेळी कुणी त्याला विचारले नाही. १८८८ साली बेल्फास्टमधल्या जॉन बॉइड डनलॉप या गुरांच्या डॉक्टराने आपल्या मुलाच्या तीनचाकीसाठी ते पुन्हा शोधले, आणि जग हवेवर चालू लागले. तेव्हापासून शंभराहून अधिक वर्षे सायकलच्या चाकात ट्यूब राहिली. ट्यूब म्हणजे ताणून फुगवलेला फुगाच. काटा टायरमधून आत शिरला आणि ट्यूबला लागला की ताणलेले रबर भोक उघडे धरते, हवा ट्यूब आणि टायर यांच्या मधल्या फटीतून निघून जाते, आणि पाच मिनिटांत चाक बसते.

ट्यूब काढून टाकली तर? मग टायरचे दोन्ही काठ रिमला घट्ट बसले पाहिजेत, आरांची भोके आतून पट्टीने बुजवली पाहिजेत, आणि व्हॉल्व्ह रिममध्येच बसवला पाहिजे. मोटारींना हे फार आधी साधले होते. डोंगरी सायकलींसाठी १९९९ साली फ्रान्समधल्या कारखानदारांनी त्याचे एक ठरावीक माप बाजारात आणले. यात पहिला लाभ असा की काट्याला भेटणारे रबर आता ताणलेले नसते. टायर जाड असते. ते काट्याला सगळीकडून आवळून धरते आणि हवा अगदी सावकाश जाते. दुसरा लाभ असा की हवा कमी ठेवता येते. ट्यूब असलेल्या जाड टायरात ३५ ते ४० पौंड हवा भरावी लागते. नाही तर दगडावर आपटून ट्यूब रिमखाली चिमटली जाते. ट्यूबच नसली की मध्यम वजनाच्या माणसाला २२ ते २८ पौंड पुरे. चाक मऊ राहते, मातीला धरून चालते, आणि हाडे खिळखिळी होत नाहीत.

पण नुसत्या आवळण्याने भोक बुजत नाही. तिथे ते पांढरे दूध कामी येते. बाजारात त्याला सीलंट म्हणतात. त्यातल्या बहुतेक प्रकारांत मुख्य वस्तू असते ती रबराच्या झाडाचा चीक. चीक म्हटल्यावर घरात ज्येष्ठ मंडळींना वेगळे सांगायला नको. वडाचे पान तोडले, रुईची फांदी मोडली, कच्ची पपई चिरली की जो पांढरा पाझरतो, तो चीक. केरळात, आणि आपल्याकडे दोडामार्गाच्या बाजूला, रबराच्या झाडाला खाच देतात आणि खाली वाटी बांधतात. वाटीत जमलेला चीक तसाच ठेवला तर दह्यासारखा गोठतो. म्हणून तो पातळ राहावा यासाठी त्यात अमोनिया घालतात. टायरात घालायच्या चिकात त्याशिवाय बारीक तंतू किंवा कण मिसळलेले असतात.

काम कसे होते ते पाहा. काटा निघाला की आतली हवा भोकातून जोराने बाहेर धावते आणि आपल्याबरोबर चीक नेते. त्यातले तंतू भोकाच्या तोंडाशी अडकतात, चिकातले रबराचे कण त्यांच्यावर साचतात, बाहेरच्या वाऱ्याने ते सुकतात, आणि भोकाला बूच बसते. हा सगळा खेळ काही सेकंदांत आटोपतो. बाहेरून दिसते ते एवढेच: थोडी शिट्टी, थोडे पांढरे बुडबुडे आणि मग शांतता. झाडाला जखम झाली की तेही चिकाने ती अशीच बुजवते. म्हणजे एका झाडाने काटा मारायचा, आणि दुसऱ्या झाडाच्या औषधाने तो भरून काढायचा. हा सगळा शोध वाचला तेव्हा मला मोठी मौज वाटली.

इथपर्यंत सगळे गोड आहे. दुकानदारही इथपर्यंतच सांगतात. पुढची हकीकत मला माझ्या पुतणीमुळे आणि आमच्या कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्या मामांमुळे कळली.

पुतणी इंजिनिअरिंगला आहे आणि रविवारी घरात सापडत नाही. तिच्या सायकलला दीड वर्ष ट्यूब नव्हती आणि त्या दीड वर्षात एकही पंक्चर नव्हते. चीक संपत आला की ती भर घाली. त्यात तिची हयगय नव्हती. गेल्या मार्गशीर्षात ती आणि तिची मैत्रीण पुरंदरच्या बाजूला एका शेतवाटेने चालल्या होत्या. तिथे एका धारदार दगडाने मागच्या टायरची बाजू इंचभर चिरली. इंचभर चीर चिकाने बुजत नाही, ते तिला ठाऊक होते. अशा वेळेसाठी तिच्या पाठपिशवीत एक ट्यूब होती. दोघींनी टायर खोलले, चिरेखाली आतून जाड कागदाची घडी घातली, ट्यूब बसवली आणि हवा भरली. दोनशे पावले गेल्या नाहीत तोच चाक पुन्हा बसले. मैत्रिणीची ट्यूब काढली, बसवली. तिचीही तीच गत. मग सायकल ढकलीत दोघी हमरस्त्याला आल्या तेव्हा दिवेलागण होऊन गेली होती. मोबाइलला मध्ये दीड तास रेंज नव्हती, आणि घरी माझी वहिनी फाटकापाशी उभी होती. एका टेम्पोवाल्या सज्जनाने सायकलींसह त्यांना रात्री नऊला घरी आणून सोडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघे मागचे चाक घेऊन मामांकडे गेलो. मामा वडाखाली बसतात. घमेल्यात पाणी, शेजारी कानस, सोल्यूशनची डबी आणि खोक्यात कापलेले पॅच. ट्यूबलेस सायकलींनी धंदा थोडा बसवला म्हणून त्यांचा त्या सायकलींवर रागही आहे. त्यांनी आधी दोन्ही ट्यूबा पाण्यात बुडवल्या. एकीला चार भोके निघाली, दुसरीला सहा.

“दगडाने एवढी भोके पडत नाहीत, ताई,” मामा म्हणाले. “हा माल आतलाच आहे.”

त्यांनी टायर उलटे केले. आत सुकलेल्या चिकाची साय धरली होती. त्यामुळे डोळ्यांना काहीच दिसत नव्हते. मामांनी हात घातला नाही. खोक्यातून कापसाचा बोळा काढला आणि तो टायरच्या आतून हलकेच फिरवीत नेला. जिथे जिथे काटा होता तिथे तिथे कापसाचा तंतू अडकून राहिला. मग चिमट्याने एकेक टोक बाहेर काढून ते डबीच्या झाकणात ठेवू लागले. मी मोजीत होतो. सदतीस निघाले. तीन बाभळीचे, बाकी सगळे सराट्याचे. बाहेरचे डोके रस्त्यावर घासून गेलेले आणि टोक तेवढे आत उरलेले.

“हे टायर नाही, ही सुया टोचायची उशी आहे,” मामा म्हणाले.

“पण मामा, दीड वर्षात एकदासुद्धा हवा गेली नाही हो!” पुतणीला ते पटेना.

“म्हणून तर राहिले ना ताई आत. हवा गेली असती तर ज्याच्या त्याच दिवशी काढला असता.”

वाचकहो, या एका वाक्यात सगळे आले. ट्यूब ही तापट स्वभावाची मोलकरीण होती. एक काटा लागला की तिथेच बसून राही, आणि काटा काढल्याशिवाय पुढे पाऊल टाकीत नसे. आपला खोळंबा होई, शिव्या निघत, पण काटा त्याच दिवशी बाहेर येई. चिकाचे टायर सोशिक. ते काटा गिळते, वर मलम लावते आणि काही बोलत नाही. आपण समजतो की काटे लागतच नाहीत. खरे म्हणजे काटे तितकेच लागतात. फक्त त्यांची बातमी आपल्यापर्यंत येत नाही. ज्यांना रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत त्यांना हे अधिक फोड करून सांगायला नको. डोके दुखायचे थांबले म्हणून दाब मोजायचा थांबवला तर डॉक्टर रागावतात, ते उगाच नव्हे.

म्हणून या चाकाचा पहिला नियम असा की बातमी येत नसेल तर आपण होऊन विचारपूस करायला जावे. वर्षातून दोनदा, एकदा पावसाळा संपताना आणि एकदा उन्हाळ्याच्या अखेरीस, दोन्ही टायर उतरवावीत, उलटी करावीत आणि कापसाचा बोळा किंवा जुना मऊ कपडा आतून फिरवावा. बोटे फिरवू नयेत. सराटा माणूस ओळखत नाही. सापडलेले टोक शक्यतो बाहेरच्या बाजूने चिमट्याने ओढावे. तुटून गेले असेल तर आतून. सुकलेल्या चिकाचे पापुद्रे खरवडून काढावेत आणि मोठ्या भोकाला आतून पॅच लावावा. दोन तासांचे काम आहे. दिवाळीच्या साफसफाईत ते सहज बसते.

दुसरा नियम चिकाचा. चीक अमर नाही. त्यातले पाणी उडत जाते आणि चीक टायरच्या आत साय धरून बसतो. आपल्या हवेत, त्यातून सायकल गच्चीत किंवा बाल्कनीत उन्हात उभी असेल तर, दोन-तीन महिन्यांत तो बराच आटतो. जाड डोंगरी टायरात साधारण १०० मिलिलिटर, म्हणजे चहाच्या लहान पेल्याएवढा, चीक असावा लागतो. आहे की नाही हे पाहायला चाक कानाशी धरून हलवावे. खळखळ ऐकू आली पाहिजे. अधिक खात्री हवी असेल तर व्हॉल्व्ह खालच्या बाजूला आणावा, सगळी हवा सोडावी, व्हॉल्व्हमधला गाभा काढावा आणि खराट्याचा स्वच्छ हीर आत घालून पाहावा. मोटारीतले तेल पाहतात तसेच. हीर ओला निघाला तर ठीक; कोरडा किंवा चिकट गोळी घेऊन आला तर भर घालायची वेळ झाली. चीक आटलेल्या टायरला लागलेला काटा म्हणजे पाणी आटलेल्या विहिरीत पडलेली घागर.

आता येतो तो वाद, ज्यावरून मामा आणि पुतणी यांचे अजून पटलेले नाही. वाटेत टायरला काटा दिसला तर तो तिथेच काढावा की राहू द्यावा? मामा म्हणतात, काटा म्हणजे काटा. दिसेल तिथे काढावा. पुतणी म्हणते, तो भोकाचे बूच होऊन बसला आहे. रानात बूच कशाला उपटायचे? मी दोघांचे ऐकले, पुष्कळ वाचले, आणि माझे मत असे झाले आहे की इथे काट्याची जात आणि चिकाची प्रकृती पाहून निकाल द्यावा.

सराट्याचा आखूड काटा असेल, हवा जात नसेल आणि घर दूर असेल, तर त्याला हात लावू नये. मात्र घरी पोहोचल्यावर तो त्याच दिवशी काढावा. काढण्याचीही रीत आहे. चाक असे फिरवावे की काट्याची जागा सगळ्यांत खाली येईल, म्हणजे चिकाचे डबके नेमके तिथे असेल. मग काटा ओढावा आणि चाक तसेच धरून ठेवावे. शिट्टी वाजेल, बुडबुडे येतील, थांबतील. मिनिटभराने चाक दोन-चारदा फिरवावे आणि मग पुढच्या काट्याकडे वळावे. एका वेळी एकच. सगळे एकदम उपटले तर कुठली शिट्टी थांबली आणि कुठली नाही हे कळत नाही. शेवटी गेलेली हवा पुन्हा भरावी. बुडबुडे थांबतच नसतील तर चूक काट्याची नव्हे. चीक आटला आहे.

बाभळीच्या लांब काट्याला ही सवलत देऊ नये. तो खोल गेलेला असतो. चाक दगडावर दबले की त्याचे टोक थेट रिमच्या पट्टीला भिडते. पट्टीला भोक पडले की हवा आरांच्या भोकांतून निघून जाते, आणि ते भोक वाटेत हाती लागत नाही. म्हणून तो तिथेच काढावा. पण हात घालण्यापूर्वी भराव तयार ठेवावा. मोटारीच्या ट्यूबलेस टायरात चिकट रबरी दोरी खुपसतात ती आपण पाहिली आहे. सायकलसाठी तीच दोरी सुतळीएवढी बारीक मिळते, आणि ती खुपसायला लहानसा टोचा मिळतो. मोटारीची जाड दोरी सायकलला घालू नये. काट्याचे भोक लहान, ती दोरी घालायला ते मोठे करावे लागते. काटा काढून चिकाला अर्धा मिनिट द्यावा. तेवढ्यात काम झाले तर उत्तम; नाही तर दोरी खुपसावी, थोडे टोक बाहेर ठेवावे आणि हवा भरावी. टायरच्या बाजूला, म्हणजे जिथे रबर पातळ असते तिथे, काटा लागला असेल तर तो आखूड असला तरी याच वर्गात धरावा. चाक दबताना बाजू सारखी वाकते आणि चिकाचे बूच तिथे धरत नाही.

आणि तिसरी गोष्ट, जिच्यापायी माझी वहिनी फाटकापाशी उभी राहिली. ट्यूबलेस सायकल घेऊन दूर जाणाऱ्याने एक ट्यूब जवळ ठेवावीच. पण ती बसवण्यापूर्वी टायर आतून तपासल्याशिवाय ट्यूबला हात लावू नये. रानात कापूस नसतो. हातरुमाल चालतो, पायातला मोजा चालतो. दहा मिनिटे जातील; जाऊ द्यावीत. रिममधला ट्यूबलेसचा व्हॉल्व्ह काढल्याशिवाय ट्यूब बसत नाही. म्हणून त्याची चकती घरी पान्याने आवळून ठेवू नये. बोटांनी सुटेल इतकीच घट्ट ठेवावी. पुढच्या चाकाची काळजी मागच्याहून अधिक घ्यावी. मागचे चाक बसले तर माणूस डुगडुगतो. उतारावर पुढचे बसले तर पडतो.

पालकांसाठी एक शब्द. मुलाने ही सायकल मागितली तर दुकानात तिच्या गिअरांची संख्या विचारावी, रंग विचारावा. पण चीक कधी घातला हेही विचारावे. दुकानात सहा महिने उभ्या असलेल्या सायकलीतला चीक दुकानातच सुकलेला असू शकतो. चीक कपड्यांवर पडला तर लगेच पाण्याने धुवावा; वाळला की डाग राहतो. उरलेला चीक मोरीत ओतू नये. तो टायरातली भोके ज्या निष्ठेने बुजवतो, त्याच निष्ठेने मोरीही बुजवील. आणि मुलांना हे सगळे स्वतःच्या हाताने करू द्यावे. काका नि मामा टेकडीवर बरोबर नसतात.

मामांच्या धंद्याचे काय, असे कुणी विचारील. तो संपेल असे मला वाटत नाही. पुतणीने तिच्या सायकलवाल्या मित्रमंडळींना झाकणातले ते सदतीस काटे दाखवले, तेव्हापासून दर महिन्याला कुणी ना कुणी टायर उतरवून वडाखाली येते. मामांनी चीक भरायची पिचकारीही आणली आहे. पाण्याच्या घमेल्याशेजारी आता कापसाचे बंडल असते, आणि तपासणीचे ते वेगळे पैसे घेतात. चीक भोक बुजवतो, पण आत राहिलेला काटा शोधायला अजून माणसाचाच हात लागतो.

तेव्हा मंडळी, फटाक्यांची राख झाडून झाली, फराळाचे डबे निम्म्यावर आले की एका दुपारी सायकल अंगणात उलटी उभी करा आणि कापसाचा बोळा घ्या. टेकडीवर सराटे वाळून तयार आहेत. तुमच्या चाकांतला चीक ओला राहो, आणि दिवेलागणीपूर्वी घरची सगळी मंडळी घरी पोहोचोत.